हरणांच्या शनिवारचा बाजार

व्हर्लिन आमोटच्या गॅरेजात गाडी सोडून सगळं होतं. गॅरेज गाडीसाठी असतं हे त्याला मान्य नव्हतं असं नाही. तत्त्वतः मान्य होतं. पण गवत कापायची तीन यंत्रं (तिन्ही मिळून एक कदाचित चाललं असतं), शाळेच्या भंगारात काढलेल्या बसची सहा बाकं, तळाला भोक असलेली होडी, बंद पडलेली अकरा घड्याळं आणि कॉफीच्या डब्यांत साठवलेले चाळीस वर्षांचे खिळे, या मंडळींनी आधीच जागा धरली होती. आणि आधी येऊन बसलेल्याला उठवायचं नाही, हा व्हर्लिनचा शिरस्ता. एकतीस वर्षं त्यानं आमच्या भागातल्या शाळांच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी कुणी "भेटू सहाच्या सुमारास" म्हटलं की त्याला सुमारास या शब्दाचा अजून त्रास होतो.

तर त्याच्या बायकोची, आर्डिसची, गाडी बाहेर उघड्यावर. मिनेसोटातला हिवाळा आणि गाडी उघड्यावर. रोज सकाळी ती माउली काचेवरचा बर्फ खरवडायची, आणि व्हर्लिन खिडकीतून कॉफीचा कप उंचावून तिला धीर द्यायचा. गेल्या फेब्रुवारीत ती घसरली. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत ती एक अक्षर बोलली नाही, त्यामुळे प्रकरण मिटलं असं व्हर्लिननं धरून चाललं. सप्टेंबरात एका संध्याकाळी बटाटे वाढता वाढता ती म्हणाली,

"पहिला बर्फ पडायच्या आत माझी गाडी आत पाहिजे. नाहीतर हिवाळ्याला फिलिसकडे. ॲरिझोनाला."

फिलिस तिची धाकटी बहीण. वाळवंटात राहते आणि जानेवारीत बिनबाह्यांच्या कपड्यातले फोटो पाठवते.

"किती दिवस?" व्हर्लिननं विचारलं.

"एप्रिलपर्यंत. बटाटे गार होतायत."

 नोव्हेंबर ते एप्रिल. बाहेर कमरेएवढा बर्फ, साडेचारला अंधार, आणि घरात तो आणि अकरा बंद घड्याळं. त्याला म्हणायचं होतं, अगं, तू गेलीस तर मी काय करू? पण आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. आमच्याकडे माणूस म्हणतो, "बरं." तो "बरं" म्हणाला आणि बटाटे संपवले.

आता साधा माणूस असता तर त्यानं चार खोके भंगारवाल्याला दिले असते. पण त्यात अपमान होता. आमोटला बायकोनं दम दिला म्हणून तो गॅरेज साफ करतोय, हे अख्ख्या गल्लीला दिसलं असतं. तेव्हा व्हर्लिननं ठरवलं की एकट्यानं नाही, सबंध गल्लीनंच अंगणात बाजार मांडायचा. नऊ घरं, नऊ अंगणं, एकच दिवस, एकच वेळ, सगळीकडे बाणांच्या पाट्या. म्हणजे हे गॅरेज साफ करणं न राहता समाजकार्य होत होतं.

पहिला सल्ला समोरच्या लव्हॉन ट्वेटनचा आला. लव्हॉनला सल्ला मागावा लागत नाही, तिच्या दारावरून गेलं की पुरतं.

"सप्टेंबरात नको हं व्हर्लिन, माझ्या नातवाचा बाप्तिस्मा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी चर्चमध्ये माशांचं जेवण. दुसऱ्या शनिवारी अर्धी गल्ली पानं गोळा करते. अरे, आणि भाव जपून लाव. पाऊण डॉलर लिहिलंस की माणूस अर्धा देतो, अर्धा लिहिलंस की चार आणे देतो. चार आण्यांना काही विकूच नकोस."

"मग काय लिहू?"

"मला काय विचारतोस? तू हुशार आहेस."

शेजारचा ड्वेन स्कोग्लुंड कुंपणापाशी उभा राहून सगळी योजना ऐकत होता. नकाशा पाहिला, बाण पाहिले. मग म्हणाला, "वेगळं आहे."

आमच्याकडे "वेगळं आहे" याचा अर्थ काय होतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एखाद्या सुनेनं कोशिंबिरीत भलतंच काही घातलं की तिला म्हणतात, वेगळं आहे. व्हर्लिनला ते लागलं. दोन रात्री त्यानं नकाशा पुन्हा काढला.

मग नगरपालिका. खिडकीत जनेल नावाची बाई बसते. लहानपणी ती व्हर्लिनच्या सात नंबरच्या बसनं शाळेत जायची, म्हणून तो जरा ऐटीतच गेला.

"मिस्टर आमोट, एका घराचा बाजार असेल तर परवाना लागत नाही," जनेल म्हणाली. "तीन घरांपर्यंत साधा अर्ज. नऊ घरं म्हणजे मात्र महोत्सव."

"महोत्सव कसला? जुन्या इस्त्र्या आणि बरण्या आहेत."

"महोत्सवाला दोन फिरते संडास लागतात, एक अग्निशमनाचा माणूस, आणि वाद्यं असतील तर आवाजाचा दाखला."

"वाद्यं नाहीत!"

"मग वाद्यं नसल्याचा दाखला."

व्हर्लिननं कपाळाला हात लावला. ज्यानं बेचाळीस बसगाड्या एका मिनिटाचा उशीर न करता पळवल्या, त्याला दोन संडासांनी अडवावं! शेवटी जनेललाच दया आली. जुन्या सात नंबरच्या बसला स्मरून तिनं तोड काढली: तीन-तीन घरांचे तीन अर्ज करायचे, तिन्ही बाजारांची नावं वेगळी ठेवायची, आणि ते एकाच दिवशी एकाच गल्लीत भरले तर तो योगायोग. मात्र तीन अर्जांच्या तीन बैठका. तिसरी बैठक झाली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता, झाडांवर पान उरलं नव्हतं, आणि मोकळा शनिवार राहिला होता एकच. नोव्हेंबरातला पहिला.

म्हणजे हरणांचा शनिवार.

त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. आमच्याकडचे पुरुष वर्षभर लग्नाचे वाढदिवस विसरतात, पण हा दिवस नाही. शुक्रवारी दुपारीच सगळे नारिंगी जाकिटं चढवून जंगलात पळतात, दोन दिवस झाडावरच्या मचाणात बसून थरथरतात, आणि रविवारी बहुधा रिकाम्या हातानं परत येतात. मागं राहिलेल्या बायकांना आमच्याकडे हरणविधवा म्हणतात, आणि त्या दोन दिवसांच्या वैधव्याइतक्या खुशीत त्या वर्षभरात कधी नसतात. गटागटानं गाड्या काढतात आणि गावोगाव खरेदी करत हिंडतात.

व्हर्लिन शिकार करत नाही. बंदुकीच्या आवाजानं त्याच्या कानात दडे बसतात. गल्लीतला शुक्रवारनंतर उरणारा तो एकटा पुरुष. तारीख कळल्यावर आधी त्याचा चेहरा पडला, आणि मग एकदम उजळला. पुरुष नाहीत, म्हणजे "हे कशाला हवंय?" विचारणारं कुणी नाही! तारीख सांगितल्यावर गल्लीतल्या बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. व्हर्लिनला वाटलं, आपल्या नियोजनाचं कौतुक चाललंय.

शनिवारी आठला बाजार उघडायचा होता. सव्वासातलाच गाड्या यायला लागल्या. "आठ म्हणजे आठ!" म्हणत व्हर्लिन हातात पाटी घेऊन रस्त्यात उभा राहिला, आणि जांभळ्या स्वेटरातल्या चौदा बायका त्याला वळसा घालून गॅरेजात शिरल्या. पुढच्या दोन तासांत जे झालं ते त्याला अजून खरं वाटत नाही. बसची बाकं गेली. एक बाई म्हणाली, अंगणात ठेवीन. गवताची तिन्ही यंत्रं एकीनंच नेली, नवऱ्याला हिवाळाभर कामाला लावायला. भोकाच्या होडीत फुलझाडं लावणार होती म्हणे कुणी. घड्याळांवर तर दोघींची ओढाताण झाली.

"चालत नाहीत हं ती," व्हर्लिन प्रामाणिकपणे म्हणाला.

"कुणाला चालायला हवीत?" त्यातली एक म्हणाली.

दहाला गॅरेज मोकळं. व्हर्लिननं झाडू फिरवला. जमीन करड्या रंगाची आहे हे त्याला एकोणीस वर्षांनी कळलं. आर्डिस बाहेर आली, मधोमध उभी राहिली, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, "वाईट नाही."

आमच्याकडे यापुढची स्तुती नाही. व्हर्लिनचे डोळेच भरून आले. नाक शिंकरण्याच्या निमित्तानं तो रस्त्यावर आला, सहज गल्लीभर नजर टाकली, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ड्वेनच्या अंगणात ड्वेनची बायको कॅरिन एका हिरव्या टपरीवर भावाची चिठ्ठी चिकटवत होती.

ही टपरी म्हणजे ड्वेनचा जीव की प्राण. तळं गोठलं की तो ती ओढत बर्फावर नेतो, आत बर्फाला भोक पाडतो, छोटी शेगडी पेटवतो आणि गळ टाकून बसतो. जानेवारी-फेब्रुवारीत ड्वेन कॅरिनचा कमी आणि टपरीचा जास्त असतो. उरलेले दहा महिने टपरी मागच्या अंगणात, कॅरिनच्या फुलांच्या वाफ्यावर.

"कॅरिन, ही... ड्वेनला माहीत आहे?"

"ड्वेन झाडावर बसलाय," कॅरिन आनंदानं म्हणाली. "चाळीस डॉलर. एका बाईला कोंबड्यांना हवीये."

"कोंबड्यांना!"

त्यानं वळून पाहिलं. लव्हॉनच्या टेबलावर तिच्या नवऱ्याचा, मायलोचा, पेंढा भरून फळीवर ठोकलेला पाईक जातीचा मासा होता. तेवीस वर्षं तो मासा भिंतीवरून त्यांच्या जेवणाच्या टेबलाकडे तोंड वासून बघत होता. पलीकडच्या अंगणात झुलती खुर्ची, बाण मारायची तबकडी, बोलिंगचे दोन जड चेंडू, एक अकॉर्डियन. नऊ अंगणांपैकी आठ अंगणांत बाईमाणसाची एक चिंधी विकायला नव्हती. सगळं नवऱ्यांचं. बायका हसल्या होत्या त्या कशाला, ते आता त्याच्या डोक्यात शिरलं.

आणि रविवारी ते आठही पुरुष बंदुका घेऊन घरी येणार होते. ते विचारणार होते, ही कल्पना कुणाची? आणि गल्लीभर लावलेल्या चौदा पाट्यांवर खाली बारीक अक्षरांत, नीटनेटकं, लिहिलं होतं: संयोजक, व्ही. आमोट.

पण नुसती भीतीच होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्या डोळ्यांसमोर ड्वेन आला, जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर उभा, आणि टपरी नाही. एकतीस वर्षांत व्हर्लिननं एकही मूल थांब्यावर मागं राहू दिलं नव्हतं. 

"मी घेतो," तो म्हणाला.

"तू?" कॅरिननं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू तर मासे पकडत नाहीस."

"एका ओळखीच्यासाठी."

टपरी त्यानं आपल्या पिकअप ट्रकला बांधून वीस पावलं ओढून आणली, मोकळ्या गॅरेजात ढकलली, आणि दार खाली केलं. तात्पुरतं. रविवारी ड्वेन आला की घेऊन जाईल, दुपारी बर्फ पडणार म्हणतात, त्याआधी गाडी आत. वेळापत्रक बसत होतं. मग तो मायलोच्या माशासाठी गेला.

"मासा? कशाला रे?" लव्हॉन म्हणाली.

"आवडला."

"तेवीस वर्षांत एकदा बोलला नाहीस. जेवायला आलास की खुर्ची फिरवून बसायचास."

"आता आवडला."

मासा घेतला आणि खुर्ची सोडली, हे बरं दिसलं नसतं. खुर्ची घेतल्यावर तबकडी कशी सोडणार? अकॉर्डियनवर तर त्याला जांभळ्या स्वेटरवालीशी चढाओढ करावी लागली. दुपारी तीनपर्यंत सकाळची सगळी कमाई संपून वर आर्डिसच्या किराणाच्या डब्यातले पैसे गेले, आणि गॅरेज सकाळी होतं त्याहून भरलं. सकाळी निदान मधून एक पायवाट तरी होती.

"दार का लावलंस?" आर्डिसनं विचारलं.

"वारा येतो."

"रिकाम्या गॅरेजात?"

"रिकाम्यातच जास्त येतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि आत गेली. रात्रीच्या जेवणाला बटाटे होते. व्हर्लिनच्या घशाखाली उतरेनात.

रविवारी बाराच्या सुमारास (हो, सुमारासच) शिकारी परतले. आठ जणांत मिळून एक हरीण, तेही मायलोच्या मोटारीखाली आलेलं. व्हर्लिननं ड्वेनला आणि मायलोला खुणेनं बोलावलं, बाकीचे आपोआप मागं आले. त्यानं दार उघडलं. आठ पुरुष नारिंगी जाकिटांत, आपापल्या वस्तूंसमोर उभे. मायलोनं टोपी काढली. ड्वेननं टपरीवर हात फिरवला, चिठ्ठी वाचली आणि फाडून खिशात घातली.

"कोंबड्यांना देणार होती," व्हर्लिन म्हणाला.

ड्वेननं नाक ओढलं. आमच्याकडे एवढं झालं की आभार मानून झाले असं समजतात. मग तो म्हणाला, "इथंच राहू दे."

"इथंच म्हणजे?"

"घरी नेली तर कॅरिन परत विकेल. तिला वाटतंय, गेली. इथं बरी आहे."

"तो मासाही," मायलो म्हणाला. "घरी डोकावलो तर लव्हॉननं त्या जागी आरसा लावलाय. मी अधूनमधून येऊन बघून जाईन."

बाकीच्यांनी माना हलवल्या. कल्पना सर्वांना पसंत पडली.  नाही म्हणायची सवय असती तर व्हर्लिन आत्तापर्यंत तीन वेळा म्हणाला असता. पण साठ-सत्तर वर्षांत या गल्लीत कुणी कुणाला तोंडावर नाही म्हटलेलं नाही. आम्ही "बघू" म्हणतो, "तसंही करता येईल" म्हणतो, आणि मग जन्मभर एकमेकांचे मासे सांभाळतो.

"तसंही..." व्हर्लिननं सुरुवात केली.

तेवढ्यात त्याच्या बाहीवर एक पांढरा ठिपका पडला. मग दुसरा. सगळ्यांनी वर पाहिलं. आणि मागं इंजिनाचा आवाज आला. आर्डिस गाडी घेऊन आली होती. गाडीचं तोंड गॅरेजाकडे. तिनं काच खाली केली. टपरी पाहिली, मासा पाहिला, अकॉर्डियन पाहिला.  डाव्या हाताचं मनगट उजव्या हातानं चोळत राहिली फक्त. थंडी पडली की दुखतं ते अजून.

व्हर्लिनला दुसरं काही दिसेना.

"नाही," तो म्हणाला.

ड्वेनला वाटलं, कानात वारा गेला. "काय?"

"नाही म्हणजे नाही! उचला हे सगळं. आत्ता! मला काय करायची तुझी टपरी? आर्डिसची गाडी आत गेली पाहिजे. नाही गेली तर ती जाईल फिलिसकडे, एप्रिलपर्यंत, आणि मला ती इथं हवीये. मला माझी बायको घरात हवीये, ड्वेन! मासा नकोय! मी एकटा राहिलो तर मरेन, कळतंय का तुम्हाला?"

एवढं मोठ्यानं आमच्या गल्लीत फुटबॉलच्या मॅचलाही कुणी बोललेलं नाही. कॅरिन खिडकीत आली. लव्हॉन तर दारातच होती. आठही पुरुष बुटांकडे बघत होते. मग मायलोनं गपचूप मासा काखेत मारला. खुर्ची उचलली गेली, तबकडी गेली, चेंडू गेले. टपरीला चौघे लागले. दहा मिनिटांत गॅरेज मोकळं झालं, आणि आठ अंगणांतून बायकांचे आवाज ऐकू यायला लागले.

व्हर्लिन गाडीचं दार उघडून आर्डिसच्या शेजारी बसला.  तिनं गाडी हळूच आत घेतली, इंजिन बंद केलं. दोघं समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसली.

"गेली आत," तो म्हणाला. "आता तू जाऊ नकोस."

"गुरुवारचं तिकीट आहे."

व्हर्लिनचा चेहरा उतरला. "परत कर."

"परत घेत नाहीत. सप्टेंबरातच काढली मी. तू गॅरेज रिकामं करशील यावर माझा काडीचा विश्वास नव्हता." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दोन काढलीत."

"दोन?"

"तुला पाच महिने एकट्याला सोडलं तर अख्ख्या घराचं गॅरेज करून ठेवशील."

"पण मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? 'बरं' म्हणालास आणि बटाटे खाल्लेस. मी दोन महिने वाट बघितली रे, की हा एकदा तरी म्हणेल, जाऊ नको." तिचा आवाज जरा ओला झाला. "आज म्हणालास. आणि तेही ड्वेनला."

 व्हर्लिननं तिचं डावं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि तसाच बसला.

मागं कुणीतरी खाकरलं. ड्वेन होता. गाडीच्या वाटेवर, टपरीचा दोर हातात, टोपीवर बोटभर बर्फ. काच खालीच होती, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला,

"म्हणजे गुरुवारपासून इथं कुणीच नसणार. गॅरेजात गाडीच्या बाजूला तशी जागा दिसते."

आर्डिसनं मागं वळून त्याच्याकडे पाहिलं, गोड हसली, आणि गॅरेजच्या दाराचं बटण दाबलं. दार सावकाश खाली यायला लागलं. आधी ड्वेनची टोपी दिसेनाशी झाली, मग जाकीट, मग दोर, आणि शेवटी बूट.